रक्त दिल्याशिवाय गोळी नाही

आपा आली की आधी बुरख्याच्या बाह्या वर सारायची आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणायची, "घ्या ताई, ह्यात नाय तर त्यात, सापडंल कुठंतरी." तिची नस सापडता सापडायची नाही. मी टोचत राहायचे आणि ती माझीच समजूत काढत बसायची.

आमच्या विभागात ग्रंथी आणि हार्मोनच्या आजारांवर संशोधन चालतं. मी तिथं रक्त घेते आणि तपासते. आपा चितेगावची. बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी वाळून गेली. दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, केस गळाले, अंगातलं त्राण गेलं. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील, भर उन्हाळ्यात शाल पांघरून ओट्यावर बसलेल्या. आपण त्यांना आळशी म्हणतो आणि मोकळे होतो. आपाला तिच्या घरच्यांनी कितीतरी वर्षं तेच म्हटलं.

तिच्या मुलाला शेजारच्या मराठा बाईनं पाजलं होतं. "पोरगं दोघींचं हाय," आपा सांगायची. "म्या जनम दिला, हिनं दूध." ही शेजारीण दर खेपेला तिच्यासोबत यायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची.

गोळ्या सुरू झाल्या आणि आपा अंथरुणातून उठली. स्वयंपाक करू लागली, हसू लागली. एकदा तर भलतीच खुशीत आली. "ताई, काल सासूला उलटून बोलले. लई बरं वाटलं!" शरीराला जे हार्मोन पुरेसं बनवता येत नव्हतं, तेच या गोळीत होतं. ती रोज हवी, जन्मभर हवी; एकदा सुरू झाली की दोन-तीन दिवस बंद ठेवली तरी जिवावर बेतू शकतं. रमजानमध्ये सहेरीला आणि इफ्तारला कशी घ्यायची, हेसुद्धा ती डॉक्टरांना विचारून पक्कं करून गेली होती.

अपवाद फक्त तपासणीचा. शरीराचं स्वतःचं हार्मोन किती उरलंय ते पाहायचं, तर गोळीतलं औषध रक्तात असून चालत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळची गोळी सोडायची आणि सकाळची रक्त दिल्यावरच घ्यायची. "रक्त दिल्याशिवाय गोळी नाही," हे आमच्याकडं सगळेच सगळ्यांना बजावतात. बाकीच्या बायका विसरायच्या, चहाबरोबर गोळी घेऊन यायच्या आणि वर हसायच्या. आपा कधीच विसरली नाही.

एका शनिवारी तिची तपासणी होती. शुक्रवारी नमुने ठेवायचा फ्रीझर बंद पडला आणि ऑफिसातून सगळ्यांना फोन गेले. आपाच्या घरात फोन एकच, तो नवऱ्याजवळ, आणि नवरा वाळूजला कंपनीत. यंत्रांच्या खडखडाटात त्याला निरोप मिळाला, "उद्या येऊ नका, सोमवारी या." घरी जाऊन त्यानं तो जसाच्या तसा सांगितला. आपानं संध्याकाळची गोळी तोवर सोडलेली होती.

सोमवारी सकाळी शेजारणीनं तिला रिक्षातून जवळजवळ उचलूनच आत आणलं. ओठ पांढरे, हात गार.

"कालपास्नं उलट्या व्हायल्यात," शेजारीण रडत होती. "म्या म्हणलं, आगं, गोळी खा. तर म्हणती, रगत दिल्याबिगर नाय."

क्षणभर मला काही कळेना. कळलं तशी मी डॉक्टरांना हाक मारली.

आपानं डोळे उघडले. "ताई, शुक्करवारपास्नं एक बी नाय खाल्ली. घ्या आता रगत." आवाजात तक्रार नव्हती. सांगितलेलं नीट पाळल्याचं समाधान होतं.

डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. दुपारी ती गेली.

नवरा कंपनीच्या कपड्यांतच आला. बराच वेळ भिंतीला टेकून उभा होता. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, फोनवर गोळी खा बी म्हणले असतील का? मशीनचा लई आवाज होता. माझ्याच ऐकण्यात आलं नसंल."

"नाही हो भाऊ," मी म्हटलं. "कुणी म्हटलंच नव्हतं."

तो मान हलवून पुन्हा भिंतीकडं गेला. हे ऐकून त्याला बरं वाटलं की अजून वाईट, मला आजही सांगता येणार नाही. राग मात्र अजून येतो. फ्रीझरचा येतो, त्या अर्धवट निरोपाचा येतो. आणि कधी कधी आपाचाही येतो, की बाई, एकदा तरी आमचं ऐकलं नसतंस.

आता तपासणी पुढं ढकलली की फोन मीच करते, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाशी नाही, जिची तपासणी आहे त्या बाईशीच बोलते. "तपासणी नाही, गोळी आत्ताच घ्या. मी फोन धरून आहे." पलीकडं पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज येतो. बाई हसते. "घेतली हो ताई. ठेवा की आता."

मी ठेवत नाही. "गिळली का?" असं विचारते. ती हो म्हणते, तरी पुन्हा एकदा विचारते.