तम्माच्या नळ्या

नव्वदच्या दशकात मी बेंगळूरबाहेरच्या एका वळू केंद्राच्या प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला होते. रोज सकाळी गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूंचं वीर्य यायचं. ते अंड्याच्या बलकाच्या द्रावणात मिसळून, बारीक नळ्यांत भरून आम्ही द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचो. दुसऱ्या दिवशी एक नळी कोमट पाण्यात वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, किती शुक्रजंतू अजून हलतायत.

एका काळ्या-पांढऱ्या वळूचं वीर्य ताजं असताना उत्तम असे, पण वितळलं की जवळजवळ सगळं निपचित. असा वळू केंद्रात फार दिवस ठेवत नाहीत. त्याला सांभाळणारे अण्णा आनेकलकडचे. वासरू होता तेव्हापासून त्यांनीच वाढवलेला. कागदावर त्याला नुसता नंबर होता, अण्णा मात्र त्याला तम्मा म्हणत, कन्नडमध्ये धाकटा भाऊ.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी कधीतरी सांगितलं होतं, की गोठताना शुक्रजंतूंवर जणू गंज चढतो, आणि काही झाडपाल्यांत तो रोखणारं काहीतरी असतं. आमच्या परसात शेवगा होता. साहेबांना विचारून मी पाला नेला, सावलीत वाळवला, अर्क काढून तम्माच्या वीर्याच्या द्रावणात मिसळला. पहिल्या खेपेला तो जास्त झाला आणि जे थोडे शुक्रजंतू तगायचे तेही मेले. दुसऱ्या खेपेला अर्कालाच बुरशी आली. अण्णा दाराशी येऊन विचारत. होईल काहीतरी, असं मी म्हणत असे. ते ऐकून ते परत गोठ्याकडे जात.

तिसऱ्या खेपेला प्रमाण अगदी कमी केलं. नळ्या गोठवून मी हात धूत होते, तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. तम्माला केंद्रातून काढण्याचा हुकूम आला होता, कत्तलखान्याची गाडी सकाळी येणार होती.

"थांबवू का? तुझी खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

एक दिवस मागता आला असता. पण मला कायम करण्याचा अर्जही त्यांच्याच टेबलावर होता, आणि पुन्हा तोंडघशी पडायचं नव्हतं.

"नाही सर," मी म्हणाले.

सकाळी अण्णांनी तम्माला धुतलं, स्वतःच दोर धरून गाडीत चढवलं. तो मुकाट चढला. दुपारी मी नळी वितळवली. भिंगाखाली अर्ध्याहून जास्त शुक्रजंतू सरळ, वेगात पोहत होते. मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही.

साहेब म्हणाले, नोंदवून ठेव. अण्णांना सांगायला मी स्वतः गेले. ते रिकाम्या गोठ्यात शेण भरत होते.

"म्हणजे त्याच्यात खोट नव्हती?"

"नव्हती, अण्णा."

"सरी, अक्का," बरं ताई, एवढंच म्हणून ते पुन्हा खाली वाकले.

पुढे त्यांनी चाऱ्याच्या शेतावर बदली मागून घेतली. मी कायम झाले. त्यानंतर ते समोरून आले तर मान हलवत, थांबत नसत. यादीतून काढलेल्या वळूचं वीर्य ठेवता येत नव्हतं, म्हणून त्या नळ्या टाकायला सांगितलं गेलं. मीच त्या बाहेर काढल्या आणि सिंकमध्ये वितळू दिल्या.