सेक्टर दोनमधला नांगर

भिलाईला कारखाना उभा राहू लागला तेव्हा लोक वळकट्या घेऊन आले, ट्रंका घेऊन आले, एक-दोघे तर सासूला घेऊन आले. चिंधूजी लांजेवार नांगर घेऊन आला.

ही गोष्ट सेक्टर दोनच्या बाया अजूनही तोंडाला पदर लावून सांगतात. खोटी नाही. भंडाऱ्याकडून दुर्गला धान नेणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकवर बसून तो आला, आणि पोत्यांच्या वर नांगर आडवा बांधलेला. नांगर एकटा असता तरी चाललं असतं. त्याच्यामागं वखर होता, जू होतं, खासराचं, म्हणजे बैलगाडीचं, एक चाक होतं (दुसरं कुठं गेलं ते त्यालाच माहीत), धान साठवायची माणसाएवढी बांबूची ढोली होती, आणि एका गाठोड्यात पोळ्याला बैलांवर घालायची झूल नि शिंगांच्या पितळी शेंब्या. बैल तेवढे विकून आला होता. नाहीतर त्यांनाही क्वार्टर मागितलं असतं, असं शेजारची कलावती म्हणायची. कलावतीची जीभ तशीच.

आता हे सगळं कशाला, तर मोहगावची जमीन त्यानं धाकट्या भावाला, फकिराला, कसायला दिली होती, पण अवजारं दिली नव्हती. फकिराच्या हातात वस्तू टिकत नाही, असं चिंधूजीचं म्हणणं. फकिराचं म्हणणं काय होतं ते कुणी विचारलं नाही. शिवाय चिंधूजीचा हिशोब सोपा होता. "दोनच वर्सं," तो ज्याला त्याला सांगायचा. "दोन वर्सं पगार घेतो, अन मंग आपल्या धानाच्या बांधीत. इथं कोन मरते?"

हे अठ्ठावन्न सालचं. बासष्ट उजाडलं तरी त्याची दोन वर्षं चालूच होती.

कारखान्यात तो खलाशी होता. जहाजावरचा नव्हे, क्रेनला साखळ्या अडकवून जड माल वर चढवणारा. काम जोखमीचं, आणि चिंधूजीला ते मनातून आवडत नसे. डोक्यावर सगळीकडे लोखंड, पायाखाली लोखंड, आभाळ बघायचं तर सांगाड्यातून तुकड्या-तुकड्यानं बघायचं. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. घरी आल्यावर मात्र तो आधी आतल्या खोलीत शिरायचा, अंधारात चाचपत नांगराच्या रुमण्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहायचा आणि मगच हातपाय धुवायचा. बायकोला, सिंधुताईला, हे माहीत होतं. ती या बाबतीत त्याला कधी चिडवत नसे. बाकी सगळ्या बाबतीत चिडवायची.

आणि चिडवायला सामान भरपूर होतं. क्वार्टर दोन खोल्यांचं, मागं स्वयंपाकाची जागा नि अंगण. मोहगावकडचे जे कोणी नंतर भिलाईला आले ते मजुरांच्या कॅम्पातल्या तट्ट्याच्या झोपड्यांत राहिले. तिथं दाराला कुलूप लागायचं नाही. चिंधूजीचं क्वार्टर पक्कं, वर स्लॅब, आणि पक्क्या घराचा त्याला अभिमान इतका की गावी लिहिलेल्या प्रत्येक पत्रात स्लॅब यायचाच. मग काय. "भाऊ, चार दिवस ट्रंक ठेवू का?" ठेव. "मामाजी, हे भांड्यायचं पोतं." ठेव. ट्रंकेवर ट्रंक, पोत्यावर पोतं. सिंधुताई आतल्या खोलीत आडवी होऊन शिरायची आणि बाहेर येताना पाठ पुढे करून यायची. एकदा मध्येच अडकली, तेव्हा कलावतीनं येऊन तिला हात धरून ओढून काढलं. ती ओढत असताना चिंधूजी ओसरीवर बसून म्हणत होता, "हळू वो, जू आहे तिथं." बायकोची नाही, जुवाची काळजी.

अशात फागुनात पत्र आलं. मुलगी कौशल्या डोंगरगडला दिली होती, जावई रेल्वेत. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे ठरलेलंच; आठ दिवसांत फकिरा तिला घेऊन येणार होता. पण पत्रात खाली विहीणबाईंनी जावयाकडून एक ओळ लिहवली होती: तुमच्या घरी बाळंतिणीची बाज टाकायला जागा आहे ना, नसेल तर आमचं रेल्वेचं क्वार्टर आहेच.

सिंधुताईनं ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग पत्राची घडी घालून पदराला बांधली.

"पहिलं बाळंतपण सासरी झालं," ती म्हणाली, "तर मी त्या बाईले तोंड दाखवनार नाही. अन तुमीबी दाखवू नका."

"कोन म्हन्ते जागा नाही? लोकायचं सामान हाय. लोकायले नेऊन देतो."

"द्या बरं. आठ दिवस हायत."

चिंधूजीला उत्साह आला. दोष दुसऱ्याचा आहे हे कळलं की माणसाला येतोच. रविवारी त्यानं सायकलच्या कॅरियरला ठकूबाईची ट्रंक बांधली आणि खुर्सीपारला गेला. ठकूबाई गावातली म्हातारी विधवा, तिथं एका खानावळीत पोळ्या लाटायची. तिनं त्याला बघितलं, ट्रंकेला बघितलं आणि डोळ्याला पदर लावला.

"चिंधूबापू, मले भिलाईतून हाकलून राहिला का?"

"हाकलून कावून? तुमची ट्रंक तुमाले देऊन राहिलो."

"माया ट्रंकेत काय हाय? दोन लुगडे. पन सेक्टर दोनमंदी माई ट्रंक हाय म्हनून मी मालकाले सांगतो, तेव्हा तो जरा मान देते. ट्रंक इथं आली की मी झोपडीची झाली."

ठकूबाईनं त्याला जेवू घातलं. तो संध्याकाळी परत आला तेव्हा कॅरियरवर ट्रंक होती आणि हँडलला बांधलेल्या पिशवीत ठकूबाईचा पाटा-वरवंटा.

दुसऱ्या दिवशी जामुल. तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात लागलेल्या सुखरामचं भांड्यांचं पोतं घेऊन तो बसमध्ये चढला. सुखराम भेटला, हसला, म्हणाला, "मामाजी, लगन होईपर्यंत राहू द्या. कुठं लागते माझं लगन, अजून दोन-तीन सालं." पोतं परत आलं. बसवाल्यानं दोन्ही वेळा पोत्याचं तिकीट मागितलं.

"झालं?" सिंधुताई म्हणाली.

"हळूहळू होईल."

"पोट्टीच्या पोटातलं हळूहळू नाही करत."

मंगळवारी सिंधुताई नळावर गेली. तिथं तिनं काय केलं हे तिनं कधी कबूल केलं नाही, पण कलावती शेजारीच हंडा घेऊन उभी होती, आणि कलावतीपासून लपलं ते भिलाईत घडलंच नाही असं समजावं. सिंधुताई कुणाकडेही न पाहता एवढंच म्हणाली, "ऐकलं का वो, क्वार्टरची तपासनी होऊन राहिली म्हन्ते. दुसऱ्याचं सामान सापडलं का जप्त, अन ज्याचं हाय त्याची चौकशी. कोन्या साहेबानं म्हटलं, मले काय मालूम."

साहेब कुणी नव्हता, तपासणी नव्हती. पण बातमीला पाय असतात. बुधवारी संध्याकाळी कॅम्पातला शामराव घाम पुसत आला आणि आपली ट्रंक उचलून एक शब्द न बोलता गेला. मग देवराव. मग जामुलचा सुखराम धावत आला. लग्न होवो न होवो, पोतं घेऊन गेला. ठकूबाईनं आपल्या खानावळीच्या मालकालाच सायकल देऊन पाठवलं. जेवणवेळेपर्यंत दारात अशी रीघ होती की पलीकडच्या ओळीतल्या लोकांना वाटलं चिंधूजीच्या घरी कुणी गेलं.

गर्दी ओसरली. सिंधुताईनं केरसुणी घेतली, आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि केरसुणी खाली ठेवली.

खोली भरलेलीच होती.

तीन भिंतींना लागून नांगर, वखर, जू, चाक. मध्ये ढोली, ढोलीत गाठोडं, गाठोड्यावर दोर, दोरावर टोपली. चार वर्षं लोकांच्या ट्रंकांनी हे झाकून ठेवलं होतं, एवढंच.

"हे कोनाचं हाय?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, आणि चिंधूजीला तेच झोंबलं.

तो आत गेला. चाक इकडून तिकडं सरकवलं, वखर उभा केला, मग पुन्हा आडवा केला. ढोली फिरवून बघितली. खोलीत हवा नव्हती. लोकांवर राग काढावा तर लोक आपापलं घेऊन गेले होते. तो बराच वेळ तिथं खुडबुड करत होता आणि बाहेर आला तेव्हा म्हणाला, "फकिरा येऊन राहिला ना कौशल्येले घेऊन. त्याच्यासंगं धाडतो गावाले. वापस गेल्यावर लागनच."

सिंधुताईनं केरसुणी पुन्हा उचलली.

शुक्रवारच्या पॅसेंजरनं फकिरा आला. गावाहून निघून वाटेत डोंगरगडला उतरला होता, पुतणीला घेतलं होतं. कौशल्या पोटावर हात ठेवून हळूहळू चालत आली, आईच्या गळ्यात पडली, पाणी प्यायली, आणि पाठ टेकावी म्हणून आतल्या खोलीशी गेली. दारातच थांबली. जू आडवं होतं. त्याला ओलांडायला पाय उचलला, पण पोटामुळं तोल नीट साधेना, तर पाय परत खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "मी वापस जातो. सासूबाईनं बाज टाकूनच ठेवली आहे."

रागावली नव्हती. दमली होती. चिंधूजीनं ते ऐकलं आणि भावाकडे वळला.

"फकिरा, हे समदं घेऊन जा गावाले. कोठ्यात ठेव. मी आलो का काढतो."

फकिरानं डोक्यावरची टोपी काढली, आत हात फिरवला, पुन्हा घातली.

"दादा, कोठ्यात मी म्हस बांधली."

"मंग माह्या खोलीत ठेव."

"तुह्या खोलीत आता पोरं निजते. दोन सालं झाले." तो खाली बघून बोलत होता. "नांगर मी नवा केला. तू दिला नाही ना जाताना. तुले काय म्हनू, दादा? तू येशीन म्हनून एक साल थांबलो होतो आमी."

चिंधूजी चार वर्षं दोन ठिकाणी पाय ठेवून उभा होता. त्यातलं एक ठिकाण कधीचं सरकलं होतं, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. फकिरात वाईटपणा काहीच नव्हता. तांदळाचं पोतं त्यानं पाठीवरून आणलं होतं, पुतणीसाठी.

सिंधुताईच पुढे झाली. दूध घालायला रोज टिकाराम यायचा, जवळच्या जुन्या वस्तीतला राऊत, म्हणजे इकडचा गवळी. त्याची बरीच शेती कारखान्यात गेली होती, तरी नाल्यापलीकडे थोडी धानाची जमीन उरली होती. त्या दिवशी दूध घालून तो निघाला होता, त्याला तिनं थांबवलं.

"टिकाराम, नांगर नेतोस का? वखर, जू, समदं?"

टिकाराम आत वाकून बघून आला. रुमण्यावर हात फिरवला, फाळ अंगठ्यानं दाबला.

"नांगर बने हे, दाऊ," तो छत्तीसगढीत चिंधूजीला म्हणाला. "फेर तैं का जोतबे?"

नांगर चांगला आहे, पण तू मग काय नांगरशील? साधा प्रश्न, शेतकऱ्यानं शेतकऱ्याला विचारलेला. चिंधूजीनं तोंड उघडायच्या आत सिंधुताईनं व्यवहार मिटवून टाकला: सव्वा महिना बाळंतिणीला रोज जास्तीचं दूध. बाई असा सौदा करताना नवऱ्याकडे बघत नाही, बघितलं की सौदा मोडतो.

टिकाराम सकाळी बैलगाडी घेऊन आला. चिंधूजीनं स्वतः सगळं उचलून गाडीत चढवलं. जड माल चढवणं हाच त्याचा धंदा होता. जू मात्र त्याच्या हातून दोनदा घसरलं. झुलीचं गाठोडं देताना तो थबकला, पण टिकारामचे बैल बघून दिलं. कलावती आपल्या ओसरीवर होती. तिच्या जिभेवर चार गोष्टी आल्या असतील, पण ती आत निघून गेली. सेक्टर दोनमध्ये हे एकदाच घडलं.

खोली झाली रिकामी. सिंधुताईनं पाण्यानं धुऊन काढली, बाज टाकली, खाली शेगडी ठेवायला जागा सोडली. कौशल्या आडवी झाली आणि म्हणाली, "माय, किती मोठी खोली हाय ही." डोंगरगडला पत्र गेलं; त्यात बाज कुठे टाकली हे सविस्तर लिहिलं होतं.

चिंधूजीचा मात्र त्या मोकळ्या खोलीत जीव रमेना. दारात उभा राहिला की चार पांढऱ्या भिंती दिसायच्या, आणि त्या चारही भिलाईच्या होत्या. ट्रंका असताना वाट बंद आहे असं वाटायचं. आता कळलं की वाट सामानातूनच जात होती. घर सुटसुटीत झालं, आणि सुटायला काही उरलं नाही. बाकी बायका म्हणायच्या, बघा कसं छान मोकळं केलं भाऊंनी. भाऊ कोपऱ्यातल्या खिळ्याला टोपी अडकवायचे, काढायचे, पुन्हा अडकवायचे.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. घरीच, दवाखान्याच्या नर्सच्या हातानं. चिंधूजीला आत जायची सोय नव्हती. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला लुगड्याचा पडदा, आणि पडद्यापाशी सिंधुताई. ज्या खोलीसाठी एवढं केलं तिच्या बाहेर तो ओसरीवर बसून होता.

चौथ्या दिवशी नर्स वही घेऊन आली. बापाचं नाव, आईचं नाव तिनं भराभर लिहिलं. मग पेन उचलून चिंधूजीकडे बघितलं.

"गाँव?"

"मोहगाव. तहसील साकोली."

"बच्ची वहाँ पैदा हुई क्या?"

"नाही."

"फिर? जल्दी बोलिए बाबूजी, मुझे और चार घर जाना है."

पडद्याआड सिंधुताई होती. चिंधूजीनं एकदा पडद्याकडे बघितलं.

"भिलाई," तो म्हणाला. "सेक्टर दो."

नर्सनं लिहून घेतलं. मूळ गावासाठी आणखी एखादा रकाना असेल म्हणून चिंधूजी वहीत वाकून बघत राहिला. नव्हता.