साहेबांचा हात शेळीवर

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळात मी औशाजवळच्या एका खेड्यात पहिलीला शिकवत होतो. गावचा आड आटलेला, बायको-लेकरू लातुरात, मी शाळेच्याच खोलीत मुक्कामाला. बदलीचे सगळे अर्ज फुकट गेल्यावर मी एक पुस्तक केलं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चित्रं आणि खाली एकाच चालीच्या ओळी. गाय आली, पाणी पिऊन गेली. म्हैस आली, पाणी पिऊन गेली. पुढं काय येणार हे पोरांना आधीच कळावं आणि त्या जोरावर त्यांनी वाचत सुटावं, ही माझी अक्कल. चित्रकला अशी की शेळीला पोरं दोन दिवस कुत्रं म्हणत होती.

आठवड्यात अख्खा वर्ग खडाखडा वाचू लागला. मी हुरळलो. अहवालात ठोकून दिलं, ‘सर्व मुले वाचतात.’

शाळा तपासणारे साहेब जीप घेऊन हजर. म्हणाले, “खरं असेल तर सोमवारपासून लातूरला या. बाकीच्या गुरुजींना शिकवा.”

पोरांची पाच पानं धडाधड वाचून झाली. मी मनात ट्रंक भरत होतो. तेवढ्यात साहेबांनी सहाव्या पानावरच्या चित्रावर पंजा ठेवला. “आता वाच, बाळ.”

पुढं बसलेल्या मुलीनं अक्षरांकडं पाहिलं, पंजाकडं पाहिलं.

“साहेब, हात काढा की. कोण आलंय ते दिसंना.”

मी खोकलो. खोकल्यातून ‘शेळी’ म्हणायचा प्रयत्न केला.

“गुर्जी, पाणी देऊ का?” ती म्हणाली.

साहेब उठले. “गुरुजी, हे पाठ झालंय. वाचायला लागली की कळवा. तोवर इथंच बरे आहात तुम्ही.”

जीप गेली. अर्ध्या तासानं टँकर आला आणि वर्ग कळश्यांकडं पळाला. ती मुलगी मात्र टँकरच्या अंगावर बोट ठेवून थांबली. तिथं चित्र नव्हतं, नुसती रंगवलेली अक्षरं.

“गुर्जी, हितं बी पाणी लिवलंय.”

मी रस्त्याकडं पाहिलं. जीपचा धुरळासुद्धा बसला होता.

त्या महिन्याच्या अहवालात मी खरं लिहिलं, ‘एक मुलगी एक शब्द वाचते.’ त्यावर कुणीच आलं नाही.