मचाणीवरचा आवाज

देवळीच्या माझ्या घरात एक आख्खं कपाट जुन्या मोबाईलचं आहे. बटणांचे, घडीचे, शिवाय खिशातले रेडिओ आणि वॉकमन. बायको त्याला भंगार म्हणते. हौसेला मोल नसतं, हे तिला कोण सांगणार! कपाटाला कुणी हात लावला तर माझं डोकं फिरतं.

मोठा भाऊ गेल्यावर त्याचा बटणांचा फोन मला हवा होता. पण दादा गेला तरी फोन अजून कामावर होता. समुद्रपूरकडे आमचा हरभरा आहे आणि त्यात रानडुकरं शिरतात. रोज रात्रभर ओरडणार कोण? म्हणून आमच्याकडे लोक आपलीच आरोळी फोनमध्ये भरतात, फवारणी पंपाच्या बॅटरीवर भोंगा जोडतात आणि मचाणीवर ठेवून देतात. दादानेही तेच केलं होतं. तिन्हीसांजा झाल्या की शेतातून यायचं, "हाड, हाड! आलो रे आलो, थांब!" मग त्याचा खोकला, आणि पुन्हा तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दादाची मेल्यावरही गेली नव्हती.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शेताला लागूनच दादाचं घर. आई अंगणात बाजेवर बसून ऐकत होती. फोन आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी आवाज सुरू झाला की ती कुणाशी बोलत नसे. दादा गेल्यापासून तिचं जेवणही तुटलं होतं.

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, डुकरं आता भेत नाई. रोज एकच आयकून त्याहिले समजलं, मानूस नाई म्हून. अर्धा हरभरा खाऊन गेले. तुमी भरून द्या ना तुमचा आवाज."

"आन् मायचं काय?"

"पीक गेलं तं खाऊ काय आमी?"

मी माझ्या संग्रहातला एक फोन आणला. दुपारी आई झोपलेली असताना मचाणीवर चढून त्यात ओरडलो, "चला, निघा! हा मी हाय इथंच!" तो भोंग्याला जोडला, दादाचा खिशात टाकला आणि तिन्हीसांजेला अंगणात येऊन उभा राहिलो. आई आता रडेल, अशी मला भीती होती.

भोंगा वाजला. हरभऱ्यात सळसळ झाली, डुकरं नाल्याकडे पळाली. आई ताठ बसली. तिचा चेहरा कित्येक महिन्यांत इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

"आयकलं काय रे?" ती मलाच म्हणाली. "आज नवं बोल्ला तो."

मी तिच्या पुढ्यातच उभा होतो. हा माझा आवाज आहे, हे तिला सांगायला माझी जीभ उचलेना.

आई उठली, हातपाय धुऊन आली आणि वहिनीला म्हणाली, "भूक लागली मले. त्याचंबी ताट वाढजो वो."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि दोनच ताटं वाढली. माझं नाव कुणी घेतलं नाही. मी दादाच्या पाटावर बसलो आणि खाली मान घालून जेवलो.