नातीच्या हाताला येणारं बटण

आमचा वायरमन कमी बोलायचा, पण त्याची एकही तार कधी सैल निघाली नाही. त्याच्या मुलाचा संसार परदेशात होता. तिथे बायकोशी बिनसलं, तेव्हा तो तिला न सांगता पाच वर्षांच्या लेकीला घेऊन इकडे आला. पोरगी अंधाराला घाबरायची. म्हणून वायरमननं तिच्या खोलीतलं दिव्याचं बटण तिच्या हाताला येईल इतकं खाली घेतलं. मी त्याच्या जोडीचा गवंडी; तारेसाठी भिंतीला झिरी मी मारली, प्लास्टरचा टवका उडू न देता.

"बटण लावतोयस की चपलांची फळी?" मी म्हणालो.

"छिन्नी चालव, जीभ नको."

पोरीच्या आईनं इथल्या कोर्टात अर्ज केला. वायरमननं तिथे खोलीचे फोटो दाखवले. एवढी मेहनत पाहून नात इथेच राहील, असं त्याला वाटलं. न्यायाधीश बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, खोली छान आहे. पण मुलीनं कुणाकडे राहायचं, हे तिचं घर जिथे होतं तिथलं कोर्ट ठरवेल. तिला परत पाठवावं लागेल."

सून न्यायला आली, तेव्हा वायरमननंच तिला ते बटण दाखवलं. "तिकडेही असंच खाली लावून घे, सूनबाई," एवढंच तो बोलला.

आता त्या बटणापर्यंत वाकताना त्याची कंबर धरते. परवा त्याच्या बायकोनं, वहिनींनी, मला बटण वर घ्यायला बोलावलं. मी जुनी छिन्नी काढली, तसा तो दारात येऊन उभा राहिला.

"राहू दे," तो म्हणाला. "तिची उंची वाढली की घेऊ."