दोरीचं दुसरं टोक

रुमियाना तोदोरोवाला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं आमच्या याम्बोल गावात कुणीही छातीठोकपणे सांगेल. दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळी बाई दोनशे मीटर सव्वीस सेकंदांच्या आत पळते, तिला कसली आलीय भीती! बोलायला लोकांचं काय जातं. रुमीच्या पोटात भीती कायमची मुक्कामाला होती. समोर भिंत आहे आणि आता कपाळ फुटणार, असं तिला प्रत्येक शर्यतीत पहिली दहा पावलं वाटायचंच. अकराव्या पावलाला ती भिंत मागे पडायची, कारण डाव्या हाताच्या बोटांत अडकवलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला स्विलेन असायचा.

स्विलेन तिचा भाऊ, तिच्याहून सात वर्षांनी धाकटा. रुमीला नवव्या वर्षी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग कडेकडेचं गेलं, आणि एकोणिसाव्या वर्षी मधोमध उरलेली सुईच्या नेढ्याएवढी जागाही विझली. हे रक्तातून आलंय, अशा घरात चार मुलांत एकाला व्हायची शक्यता असते, असं मोठ्या गावच्या डॉक्टरांनी सांगितलं. आईनं त्यातून आपल्याला सोसवेल तो अर्थ काढला. एकीला झालं, म्हणजे दुसरा सुटला! घरात सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं आणि स्विलेनचे डोळे पुन्हा म्हणून कुणी तपासून घेतले नाहीत. नशीब असं रांगेत उभं राहून वाटप करत नाही, हे त्या आईला सांगायचा धीर तरी कुणाला होणार होता?

रुमी मालिश शिकली. आमच्याकडे आंधळ्या मुलीनं तेच शिकायचं असतं. हाताला काम लागलं आणि हात इतका बसला की माणूस तोंडानं काहीही सांगो, त्याच्या खांद्यावरून तिला खरं कळायचं. द्रुमेवाबाई तिच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या दुखरा गुडघा घेऊन. एके काळी अडथळ्यांच्या शर्यती गाजवलेली ही बाई आता गावच्या मैदानावर पोरांना पळायला शिकवायची आणि दर दोन वाक्यांनंतर खोकायची. दहा मिनिटं ओरडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, हातांत एवढा जोर आहे, तर पायांत किती असेल गं?"

"मी पळाले तर भिंतीत जाईन, बाई."

"मग भिंत नसेल तिकडे पळ. आणि तुझा तो लांबटांग्या भाऊ रिकामाच हिंडतो ना? त्याला धर."

स्विलेन तेव्हा सतरा वर्षांचा होता. आता चोवीसचा झाला होता, सकाळी बेकरीची गाडी घेऊन गावोगाव पाव पोचवायचा आणि दुपारी बहिणीच्या हाताला दोरी बांधून पळायचा. सात वर्षांत दोघांचं पाऊल असं जमलं होतं की आवाज एकाचाच यायचा. तिची शर्यत डोळ्यांवर काळी पट्टी बांधून पळायची, वाटाड्यानं खेळाडूला ओढायचं नाही आणि शेवटची रेघही तिच्या आधी ओलांडायची नाही. स्विलेन हे सगळं सांभाळायचा आणि वर तोंड चालवायचा. "पळ म्हातारे, मागून गोगलगाय येतेय!" त्या वर्षी जूनमध्ये पोलंडमध्ये युरोपची स्पर्धा होती आणि रुमीचं नाव पहिल्या तिघींत घेतलं जात होतं.

मार्च उजाडला. एक तारखेला आम्ही सगळे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतो, मार्तेनित्सा म्हणतो त्याला, आणि वर्षातला पहिला करकोचा दिसला की तो सोडतो. रुमीचा करकोचा बारा वर्षं स्विलेनच बघत आला होता. गावात सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसायचा. एकदा तर त्यानं चक्क खोटाच करकोचा बघितला होता, ताईचं मनगट खाजतंय म्हणून.

महिनाअखेरीस मैदानावर सराव चालला होता. वर कुठंतरी टकटकटकटक झालं, लाकडावर लाकूड आपटावं तसं. करकोच्याची चोच! द्रुमेवाबाई ओरडल्या, "आला रे आला! खांबावर बघा!"

"स्विलेन, कुठाय?" रुमीनं हसत विचारलं.

"हा काय... खांबावर."

"कुठल्या?"

"अगं त्याच, तिकडच्या."

टकटक रुमीच्या उजव्या हाताला होती. स्विलेनचा आवाज मात्र डावीकडे तोंड करून येत होता. मग त्याचे बूट जागच्या जागी वळल्याचं तिला ऐकू आलं, एकदा, पुन्हा एकदा. करकोचा उडून गेला. तेव्हा कुठं स्विलेन म्हणाला, "बघितला, बघितला!" आणि त्यानं तिच्या मनगटाचा दोरा सोडला. त्याची बोटं गार होती.

छे, काहीतरीच, असं तिनं स्वतःला दहादा सांगितलं. पण मग वळण आलं. दोनशे मीटरमध्ये निम्म्याहून जास्त वळणच असतं. स्विलेन आतल्या बाजूनं, तिच्या डावीकडे पळायचा, आणि आतल्या रेघेवर पाय पडला की शर्यतीतून बाद. सात वर्षांत त्याचा पाय एकदाही पडला नव्हता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीनदा पडला.

"स्विलेन! रेघ काय शोभेला आखलीय?" बाई कडाडल्या.

"बूट नवे आहेत, बाई."

बूट गेल्या वर्षीचे होते. ते रुमीनंच घेऊन दिले होते.

त्या रविवारी तो मान धरलीय म्हणून तिच्याकडे पालथा पडला. रुमीनं अंगठे टेकवले. कवटीच्या खाली, दोन्ही बाजूंना, गाठी. ज्याला समोरचं तेवढंच दिसतं आणि कडेचं बघायला सारखं डोकं इकडून तिकडे फिरवावं लागतं, त्याच्याच मानेला त्या तिथं होतात. सतराव्या वर्षी तिला होत्या. तिच्या अंगठ्यांखाली तिचीच मान होती.

"कशानं धरली रे?"

"गाडीनं. सारखं मागं बघावं लागतं ना."

"हं," रुमी म्हणाली आणि तेल चोळत राहिली.

इथंच बोलायला हवं होतं. ती बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिला पाठीशी घालणार नाही. स्पर्धा नऊ आठवड्यांवर होती. नऊ आठवड्यांत नव्या माणसाशी पाऊल जुळत नाही, आणि परक्या हाताच्या भरवशावर त्या भिंतीवर धावून जायची तिची छाती नव्हती. पदक हवं होतं, हेही खरंच. पण त्याहून मोठं कारण असं की तिनं तोंडातून शब्द काढला की ते खरं होणार होतं. जून होऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं.

मग रोजच्या सकाळी सुरू झाल्या. साडेपाचला खिडकीखाली गाडी खोकत निघायची आणि नऊला पाव वाटून झाले की स्विलेनचा फोन यायचा. मधले साडेतीन तास रुमी मेल्यागत काढायची. रस्त्यात शाळेला निघालेली पोरं असतील, सायकलवरची म्हातारी असेल, कडेनं चाललेलं कुणीही असेल. कुठं हॉर्न वाजला की तिचे हात थांबायचे. एके दिवशी नऊ वाजून गेले, सव्वानऊ झाले. टेबलावरचा पेशंट किंचाळला तेव्हा तिला कळलं की ती त्याच्या पाठीत अंगठा रुतवून उभी आहे. साडेनऊला फोन वाजला.

"काही नाही गं, बेकरीच्या फाटकाचा खांब घासला. कुणी मध्येच आणून रोवलाय कुणास ठाऊक!" तो हसत होता.

तो खांब त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून तिथंच होता. रुमी त्याही दिवशी गप्प बसली.

तिनं दुसराच उद्योग काढला. द्रुमेवाबाईंना सांगून वळणावरच्या रेघांवर चिकटपट्टीखाली जाड सुतळी बसवून घेतली आणि रोज अनवाणी त्या सुतळीला तळवा घासत चालायला लागली. मग जलद चालायला, मग एकटीनं पळायला. पळायच्या रेघांमधली आतली जागा, मधली, बाहेरची, प्रत्येक वळणाचा कल निराळा. कितव्या पावलाला कंबर किती झुकते, ते तिनं अंगात मुरवून घेतलं. पडली, गुडघे सोलले, दात ओठात घुसला.

"आता काय पायांनी बघायचंय का तुला?" बाईंनी विचारलं. "वळण बघायला भाऊ आहे ना?"

"आहे," रुमी म्हणाली. बाई नुसत्याच खोकल्या.

पोलंडमध्ये आधी नियमाप्रमाणे डोळे तपासले गेले, रुमीचे. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, उजेड टाकला, कागदावर काहीतरी खरडलं. स्विलेन शेजारच्या खुर्चीवर बसला होता. आता याचेही बघा, असं या बाई म्हणतील का? त्यांनी एकदा म्हणावं, म्हणजे मी सुटले, असं रुमीला इतकं वाटलं की तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. पण वाटाड्याचे डोळे कोण तपासतो? "पुढचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अंतिम शर्यत संध्याकाळची होती. पळायला दोघांना मिळून रेघांमधली तिसरी आणि चौथी अशा दोन जागा मिळाल्या होत्या. सूर्य उतरला होता आणि वळणावर ऊन थेट तोंडावर येत होतं. पट्टीखाली रुमीला त्याची फक्त ऊब कळली.

"ऊन येतंय थोडं डोळ्यांवर," स्विलेन म्हणाला. थुंकी सुकलेल्या माणसाचा आवाज होता तो. आज त्यानं गोगलगायीचं नाव काढलं नाही.

बंदूक उडाली. भिंत आली. एक, दोन, पाच, दहा. अकराव्या पावलाला भिंत हटली नाही! ती तिच्यासोबत सरकत राहिली, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो होता त्यालाही आता उन्हात वाट दिसत नव्हती आणि रुमीला ते ठाऊक होतं. बाविसाव्या पावलाला दोरी डावीकडे जड झाली. तो रेघेकडे सरकत होता. रुमीनं कंबर ताठ केली आणि हात उजवीकडे खेचला. वाटाड्यानं ओढायचं नाही असा नियम आहे. खेळाडूनं वाटाड्याला ओढू नये, असा नियम करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तो आला. मुकाट आला. एकतिसाव्याला पुन्हा दोरी जड झाली, पुन्हा तिनं आणला. "सरळ!" तो ओरडला तेव्हा ती दोन पावलं आधीच सरळ झाली होती. पुढं पावलं मोजायची राहून गेली, तिच्या कानांत फक्त त्याचा श्वास होता. "झेप!" असं तो ओरडला आणि तिनं छाती टाकली.

गर्दीचा आवाज अंगावर कोसळला. स्विलेननं तिला उचलून धरलं, "पहिली! ताई, पहिली!" पण पंच रेघा तपासत होते. तीन मिनिटं कुणी काही सांगेना. रुमीनं त्याच्या दंडात नखं रुतवून ठेवली होती. मग कर्ण्यावरून तिचं नाव आलं, वेळ आली, आणि त्यामागून देशाचं नाव आलं. पाय रेघेवर पडला नव्हता. रुमियाना तोदोरोवा युरोपातली सगळ्यांत वेगवान आंधळी बाई ठरली होती, आणि तिला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

पदकासाठी सगळ्यांना प्रेक्षकांच्या बैठकीखालच्या बोळातून पलीकडे न्यायचं होतं. उन्हातून आत शिरताच गारवा लागला आणि दोन पावलांवर स्विलेन थांबला. बाकीच्या जोड्या शेजारून निघून गेल्या, पुढं पायरीवर त्यांचे बूट वाजले.

"चल ना."

"थांब, बुटाची नाडी सुटलीय."

त्याचा श्वास तिच्या डोक्यावरून येत होता. तो वाकलेला नव्हता. अंधारात ताठ उभा होता, भिंतीला हात लावून.

रुमीनं चाचपून त्याचा हात घेतला आणि आपल्या कोपराच्या वर ठेवला. त्यानं तो काढून घेतला नाही. आंधळी माणसं वाटाड्याचा दंड धरतात तसा धरला, अंगठा बाहेर, चार बोटं आत, कुणीही न शिकवता.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यानं विचारलं.

"मार्चपासून. तुला?"

"ऑक्टोबर. रात्रीचं आधी गेलं."

"आणि तू गाडी चालवत होतास, गाढवा!"

"आणि तू चालवू देत होतीस."

"आता नाही चालवायची," एवढंच ती म्हणाली. "एक दिवसही नाही."

"बरं." मग लहानपणी विचारायचा तसं त्यानं विचारलं, "तुला किती वर्षं मिळाली होती गं?"

"दहा."

"मला जास्त मिळतील ना?"

खोटं बोलणं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"माहीत नाही, स्विलेन."

त्याची बोटं तिच्या दंडात रुतली. बाहेरून त्यांची नावं पुकारली जात होती, दुसऱ्यांदा.

"मला फार भीती वाटते, ताई."

"मलाही," रुमी म्हणाली. "चल. पुढं पायरी आहे, पाय उचल."