एकच निळी रेघ

आमच्या कॉलेजात शेजारच्या लॅबमधले सर केळीच्या खोडातून एक प्रथिन शुद्ध करत होते. केळीला मर रोग लावणारी बुरशी त्यानं थांबते, असं त्यांना दिसलं होतं. ते अगदी हळू बोलायचे, आणि प्रथिनाच्या नळ्यांची बर्फाची पेटी जेवतानाही नजरेआड होऊ द्यायचे नाहीत. एकदा त्यांनी मला बोलावून प्रथिनं वेगवेगळ्या रेघांत पाडणाऱ्या जेलवरची एकच निळी रेघ दाखवली. "देखो सर, दुसरं काहीच उरलं नाही. अगदी शुद्ध आहे."

मेच्या सुट्टीत वीज गेली आणि फ्रीजरमधलं सगळं प्रथिन दुधासारखं नासलं. तरी त्यांनी बशीतल्या बुरशीवर त्याचे थेंब सोडले. बुरशी त्या थेंबांवरूनही वाढत गेली.

मी म्हटलं, "सर, पुन्हा काढू."

"किसमें से? डोईफोडिया गावच्या बागेत मर न लागलेली तेवढीच झाडं होती, आणि हे प्रथिन त्यांच्यातच सापडायचं. मालकानं परवा सगळी बाग उपटली. आता कापूस लावणार म्हणे."

मग त्यांनी सगळ्या नळ्या स्वच्छ धुऊन पालथ्या घातल्या आणि शिपायाला म्हणाले, "आता फ्रीजरमध्ये परीक्षेच्या पोरांसाठी पाण्याच्या बाटल्या ठेवत जा."

शिपाई माझ्याकडे बघत राहिला.